गाडीवरची नावं

झहूरने पट्टी ठेवून लाल रेघ मारली. आधी नूरुद्दीनच्या नावावर, मग मुनिराच्या. पट्टी का घेतली कोण जाणे, हातानेही रेघ मारता आली असती. नूरुद्दीनच्या नावावर रेघ पडली तेव्हा मला काही वाटलं नाही. माझा हा मुलगा अहमदीला तेल कंपनीत लागला, तिथे त्याला कंपनीची गाडी आहे, माझ्या जुन्या ओपेलला त्याने वर्षभरात हात लावलेला नाही. पण मुलीच्या नावावर पट्टी आली तेव्हा मी म्हणालो, थांब जरा. झहूरने वर बघितलं. तो राजापूरचा, माझ्याहून लहान. कुवेतमधल्या आमच्या कोकणातल्या लोकांच्या गाड्यांच्या विम्याच्या पॉलिस्या तोच करतो, त्यामुळे कोणाचा मुलगा वयात आला, कोणाच्या लेकीचं लग्न झालं, कोण कायमचा गावी निघाला हे त्याला सगळ्यांच्या आधी कळतं. म्हणाला, "अहमदभाई, लेक लग्न होऊन गेली की बापाच्या गाडीवर तिचं नाव कोण ठेवतं? जावई घालेल त्याच्या गाडीवर." मी म्हणालो, जावई नाही घालणार. तो म्हणाला, मग ते त्यांचं ते बघतील, आणि रेघ मारली. सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं. मी केली. थांब का म्हणालो ते त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं, कारण ती रेघ मारून घ्यायलाच मी त्याच्याकडे गेलो होतो.

हुसेन सोमवारी माझ्या गोदामात आला होता. हुसेन माझा जावई, मुनिराचा नवरा, कुवेत सिटीत बँकेत आहे. सासऱ्याच्या कामाच्या जागी जावई येत नाही. आला म्हणजे घरी बोलता येणार नाही असं काहीतरी असणार. मी त्याला एका खोक्यावर बसवलं, चहा मागवला. त्याने आधी नूरुद्दीनची चौकशी केली, मग माझ्या गुडघ्यांची, मग म्हणाला, मामू, बँकेत लोक मला बोलतात. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या एकाने शुक्रवारी रस्त्यात मुनिराला गाडी चालवताना बघितलं होतं. मी बाजूला बसलेला. शनिवारी चहाच्या वेळी त्या माणसाने सगळ्यांसमोर विचारलं, "हुसेन, ड्रायव्हर ठेवलात म्हणे. स्वयंपाकही तीच करते का?" तेव्हापासून रोज काही ना काही चालू होतं. सुटायच्या वेळी कोणीतरी खिडकीतून खाली बघतं आणि म्हणतं, आज मेमसाहेब आल्या नाहीत वाटतं घ्यायला. हे सांगताना हुसेन हसत होता, पण त्याचे कान लाल झाले होते. मला त्याचा राग आला नाही. त्याच्या जागी मी असतो तर मलाही झोंबलं असतं. चहा संपल्यावर तो मुद्द्यावर आला. म्हणाला, मी तिला नको म्हटलं तर घरात भांडण होईल. तुमच्या पॉलिसीवर तिचं नावच नसलं तर विषय मिटला, मग ती कायद्याची बाब झाली. मी बरं म्हणालो. लग्न झाल्यापासून त्याने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, आणि जावयाला नाही कसं म्हणतात ते मला येत नाही. तो उठला तेव्हा मी म्हणालो, तिला तुम्हीच सांगा. तो म्हणाला, सांगतो.

तिला तुम्हीच सांगा, हे माझ्या तोंडून सहज आलं. जन्मभर मी हेच म्हणत आलो आहे. आमच्या गावात बाप मोठ्या झालेल्या लेकीशी बोलत नसत. लहान असेपर्यंत मांडीवर घेत, नंतर जे काही असेल ते आईमार्फत. माझे वडील आईला म्हणायचे, तिला सांग दिवा लाव, आणि माझी बहीण तिथेच समोर उभी असायची. मला त्याचं हसू यायचं. मग माझं लग्न झालं, मुलगी झाली, मोठी झाली, आणि मी तसंच करायला लागलो. मुनिराची आई इकडचं तिकडे नेई आणि नेताना थोडं बदलून टाकी. मी म्हणायचो, विचार तिला, एवढा उशीर कुठे झाला. ती मुलीला म्हणायची, तुझे बाबा जेवायचे थांबलेत. मुलगी म्हणायची, त्यांना सांग मी काही लहान राहिले नाही. ती माझ्याकडे वळून म्हणायची, चुकलं म्हणतेय. आम्ही तिघं एकाच खोलीत, सगळ्यांना सगळं ऐकू यायचं, तरी तिने सांगितलं तेच खरं धरायचं अशी आमची रीत झाली होती. यंदा थंडीत मुनिराची आई गेली. दुपारी भाकरी करता करता भिंतीला टेकून बसली, म्हणाली जीव घाबरतोय, आणि मी चप्पल घालेपर्यंत संपलं होतं. चाळीसवा झाला, माणसं आपापल्या घरी गेली. पुढच्या शुक्रवारी मुनिरा मला वाढत होती. सारात मीठ कमी होतं. मी तोंड उघडलं आणि कोणाला सांगायचं ते कळेना. मग उठून मीठ घेऊन आलो. मुनिराने बघितलं.

तिने गाडी शिकावी हे तिच्या आईचंच. रुपये जाऊन दिनार आले त्या साली मी ही गाडी घेतली, जुनीच, एका इंग्रजाकडून. नूरुद्दीन शिकला ते ठीक होतं. मग एक दिवस त्याची आई म्हणाली, हिलाही शिकवायचं. मी म्हणालो, आपल्या लोकांत एक तरी बाई चालवते का? ती म्हणाली, मी वाट बघत बसले होते ते पुरे झालं. ते कशाबद्दल होतं ते मला माहीत होतं. मी मुंबईला बोटीवर असताना गावी तिची आई वारली. निरोप सकाळीच आला होता, पण खाडीपलीकडे जायला सोबत पुरुष पाहिजे. माझे वडील आजारी, भाऊ परगावी, शेजारचा कोणी मोकळा झाला तेव्हा दुसरा दिवस उजाडला होता. ती पोचली तोवर माती झाली होती. तिने हे मला एकदाच सांगितलं, रडली वगैरे नाही. पण मुनिराला लायसन मिळालं त्या दिवशी ती स्वतः झहूरच्या जिन्यापर्यंत आली, खाली गाडीत बसून राहिली आणि मी वर जाऊन नाव घालून आलो तेव्हा तिने मला ते वाचायला लावलं. माझं, नूरुद्दीनचं, मुनिराचं. पुन्हा वाचा म्हणाली. जमातीत लोक बोलले. मशिदीबाहेर मला एक-दोघांनी विचारलंही की परकार, घरात पुरुष कमी पडले का. मी घरी येऊन चिडलो. ती म्हणाली, लोक आपल्याला कबरस्तानात पोचवायला येतील, त्याच्या आधी कुठे पोचवतात?

हे सगळं मला बुधवारी आठवायला हवं होतं, सही करण्याआधी. आठवलं शुक्रवारी, मुनिराने खिळ्यावरची किल्ली काढली तेव्हा. दर शुक्रवारी सकाळी हुसेन तिला फरवानियात माझ्याकडे सोडतो. ती दोन दिवस पुरेल असं करून ठेवते, मी जुम्म्याची नमाज पढून येतो, आम्ही जेवतो, आणि दुपारच्या असरच्या नमाजेनंतर ती गाडी काढते. सालमियाला तिच्या घरापर्यंत ती चालवते, तिथून मी एकटा गाडी परत आणतो. आईच्या मागे तिनेच हे सुरू केलं, आणि मी नको म्हटलं नाही. त्या दिवशी मी धरून चाललो होतो की हुसेनने तिला सांगितलं असेल. ती किल्लीला हात लावणार नाही, कदाचित रडेल, कदाचित काहीच बोलणार नाही, आणि मी गाडी काढीन. जेवताना ती नेहमीसारखी होती. नूरुद्दीनचा काही निरोप आला का म्हणून विचारलं. मग हात पुसले, डोक्यावर ओढणी नीट केली, खिळ्यावरची किल्ली काढली आणि जिना उतरायला लागली. तिला माहीत नाही, हे मला तेव्हा कळलं. हुसेनने सांगितलंच नव्हतं. जिन्यावर मी तिच्या मागे होतो. प्रत्येक पायरीला वाटत होतं, आता सांगावं. खाली पोचलो तेव्हा ती स्टिअरिंगवर बसली होती आणि माझ्या बाजूचं दार तिने आतून उघडून ठेवलं होतं.

सकाळपासून धुळीचं वारं सुटलं होतं. समोरचं थोडंच दिसत होतं, त्याच्या पुढे सगळं पिवळं. काचा वर करून घेतल्या तर आत भट्टी, खाली केल्या तर दातांत माती. मुनिराने काचा वर केल्या. मी पाय ताठ करून बसलो होतो. एवढ्या वर्षांत मी या रस्त्यावर कशालाच घाबरलो नव्हतो आणि आता प्रत्येक गोष्टीला घाबरत होतो. रस्ता ओलांडणारा मजूर, सायकलवाला, टॅक्सी. कोणाला नुसता धक्का लागला तरी मुरूरचे, म्हणजे वाहतुकीचे, पोलीस कागद मागतील, कागदावर हिच्या नावावर लाल रेघ, आणि ते मला काही विचारणार नाहीत, चालवणाऱ्याला घेऊन जातील. बाईला कुठे ठेवतात तेही मला माहीत नव्हतं. मी सारखा मागे वळत होतो. मागच्या सीटवर मुनिराची आई बसायची, मधोमध, पुढच्या सीटच्या पाठीला हात धरून. मी खिडकीतून बाहेर बघत म्हणायचो, सांग तिला, हळू. ती म्हणायची, तुझे बाबा म्हणतात छान चालवतेस. आता मागे एक कापडी पिशवी होती आणि मुनिराने सोबत घेतलेला डबा. मी मनात वाक्य जुळवत होतो. ऐक गं, तिला सांग, की. त्याच्या पुढे ते जात नव्हतं. ऐक गं म्हटल्यावर पुढचं यायला कोणीतरी ऐकायला लागतं.

मोठ्या गोल चौकात बाजूच्या रस्त्याने पाण्याचा टँकर आला. धुळीमुळे तो एकदम समोर दिसला, आणि त्याने थांबायला हवं होतं, तो थांबला नाही. मी डोळे मिटले. मुनिराने ब्रेक लावला, गाडी जागच्या जागी थांबली, टँकर पुढून गेला. पाण्याचे काही थेंब काचेवर उडाले आणि लगेच त्यांचा चिखल झाला. मी डोळे उघडले तेव्हा ती माझ्याकडे बघत होती. चौक ओलांडून तिने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, बसचा थांबा होता तिथे, आणि इंजिन चालूच ठेवलं.

"बाबा, तुम्हाला मला काही सांगायचंय का?" ती म्हणाली.

मी म्हणालो, नाही.

ती म्हणाली की फरवानियापासून ती वाट बघते आहे. खरं म्हणजे सकाळपासून. हुसेनने तिला बुधवारीच सांगितलं होतं. काय सांगितलं, तेही तिने सांगितलं, समोर काचेकडे बघत. तुझ्या बाबांनी आपणहून झहूरकडे जाऊन तुझं नाव काढलं. त्यांना तुझ्या चालवण्याची भीती वाटते, आई होती म्हणून इतके दिवस गप्प होते. मग ती म्हणाली, "मी मानलं नाही. म्हटलं, मी किल्ली घेतली तर ते सांगतील. जिन्यात सांगतील. तुम्ही बसलात. आता कळलं, खरंच भीती वाटते. तुम्ही दर शुक्रवारी डोळे मिटून बसता, मी काय बघत नाही?"

हुसेनचं नाव घेणं सोपं होतं. तो गोदामात आला होता, त्यानेच मागितलं, एवढं म्हटलं की माझी सुटका होती. पण संध्याकाळी ती त्याच घरी जाणार होती आणि दार लागल्यावर तिथे काय होईल ते मला दिसत होतं. आणि दुसरं असं की हुसेनने माझा हात धरून सही करून घेतली नव्हती. मी म्हणालो, सही मी केली. ती म्हणाली, ते माहीत आहे, भीती वाटते का ते विचारते. मी म्हणालो, तुझी आई असती तर तिने तुला…

"आईचं नको," ती म्हणाली. "तुमचं सांगा."

मी शोधत होतो. खोटं बोलायचं नव्हतं, पण खरं काय तेच हाताला लागत नव्हतं. माझ्या मनातलं मला नेहमी कोणीतरी ऐकल्यावर कळायचं, मुनिराची आई तिला काय सांगते त्यावरून. मुनिराने हँडब्रेक ओढला, दार उघडलं आणि ती उतरली. मला वाटलं, फिरून माझ्या बाजूला येईल, मी सरकून चालवायला बसेन. पण मागून बस येत होती आणि तिने हात केला. शुक्रवारची बस, सिटीकडे निघालेल्या मजुरांनी भरलेली. कुवेतमध्ये बससेवा सुरू झाल्यापासून माझी मुलगी एकदाही तिच्यात चढली नव्हती. दारातल्या माणसांनी अंग चोरून तिला जागा दिली आणि दार लागलं.

मी स्टिअरिंगकडे सरकलो आणि निघालो. काहीतरी जळल्याचा वास यायला लागला तेव्हा लक्षात आलं की हँडब्रेक काढलाच नाही. बस सालमियाकडे जात नव्हती, उलट सिटीकडे चालली होती. तिने कुठली बस आहे ते बघितलंच नसणार. मागच्या काचेतून मला तिची ओढणी दिसत होती. मग कोणीतरी उठून तिला बसायला जागा दिली आणि ती दिसेनाशी झाली. बस थांबली की मी मागे थांबायचो, उतरणारा माणूस अन् माणूस बघायचो, मागच्या गाड्या हॉर्न वाजवायच्या. ती उतरत नव्हती. धुळीत बसचा लाल दिवा तेवढा दिसत होता आणि तोही मधूनमधून जायचा, तेव्हा माझा पाय आपोआप जोरात दाबला जायचा. मी वाईट चालवत होतो. एकदा फुटपाथला चाक घासलं. माझं नाव कागदावर होतं, मी सगळं करायला मोकळा होतो. आणि तेव्हा मला ते सापडलं. रात्री मला झोप लागत नाही. मुनिराची आई गेली तेव्हापासून. पलंगाच्या एका कडेला पडून असतो, पहाटे फजरची बांग झाली की उठतो. आठवड्यात एकदाच डोळा लागतो, शुक्रवारी, या गाडीत, फरवानिया ते सालमिया. मुनिरा गिअर बदलते तो आवाज येतो, मग येईनासा होतो, आणि तिच्या घराशी गाडी थांबते तेव्हा मी जागा होतो. मी हे कोणाला बोललो नव्हतो. स्वतःलाही नाही.

सिटीतल्या सफात चौकात बसचा शेवटचा थांबा. सगळे उतरले, शेवटी ती उतरली आणि इकडेतिकडे बघायला लागली, कुठे आलो ते न कळल्यासारखी. मी गाडी तिथेच वाटेत सोडून उतरलो. आजूबाजूला माणसं होती, शुक्रवारची, आमच्याकडे बघत होती, बाप वाटावा असा माणूस धावत येऊन एका बाईसमोर उभा राहिला म्हणून. मला धाप लागली होती.

"मी डोळे मिटतो ते झोप येते म्हणून," मी म्हणालो. "घरी येत नाही. तू चालवतेस तेव्हा येते."

तिने ओढणीने तोंडावरची माती पुसली. बराच वेळ पुसत राहिली. नंतर म्हणाली, मग नाव का काढलंत. मी म्हणालो, मागितलं म्हणून काढलं, काढायला नको होतं, उद्या झहूरकडे जाऊन परत घालतो. कोणी मागितलं ते तिने विचारलं नाही. मला वाटतं तिला बसमध्येच कळलं असावं, किंवा बुधवारीच. ती म्हणाली, "आणि त्यांना काय सांगणार?"

तू सांग, हे माझ्या जिभेवर आलं होतं. तू सांग त्यांना, बायकोने सांगितलेलं वेगळं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मी तेच म्हणणार हे तिला माहीत होतं. पोलीस शिट्टी वाजवत गाडीकडे येत होता. मी म्हणालो, मी सांगतो. आजच सांगतो.

सालमियापर्यंत गाडी मी चालवली. हुसेनला काय सांगायचं ते मी ठरवत होतो आणि प्रत्येक वाक्य सुरू होऊन मोडत होतं. बँकेतले लोक हसतात ते थांबवणं माझ्या हातात नव्हतं. उद्या नाव परत घातलं की ते आणखी हसतील, आणि हुसेन ते रोज ऐकेल, त्याचे कान लाल होतील, आणि त्यातलं काही मुनिराच्या ताटात येईल. हे सगळं खरं होतं. ते आता ऐकून घ्यायला लागणार होतं, मला आणि तिलाही. तिच्या घराखाली मी गाडी लावली. एरवी मी वर जात नसे.

दार हुसेनने उघडलं. त्याने आधी मुनिराकडे बघितलं, तिच्या कपड्यांवरच्या धुळीकडे, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, या मामू, आत या. मुनिराला म्हणाला, चहा टाक. ती आमच्या दोघांच्या मधे उभी होती. मी उंबरठ्याच्या बाहेर, तो आत. ती स्वयंपाकघरात गेली नाही. ती बाजूला सरकली, भिंतीशी जाऊन उभी राहिली, आणि मी हुसेनकडे बघून बोलायला लागलो.